देवघरातल्या बासनातला मोडी कागद आणि पाटीलकीचा मूळपुरुष: शोध कुठून सुरू करावा?

माळरान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, कऱ्हेपासून फार लांब नाही. गावाचं नाव टाकत नाही, कारण आमचे भाऊबंद इथेही आहेत आणि धागा वंशावळीवरून वाटणीवर जायला वेळ लागणार नाही. घराणं पाटलांचं. कायद्याने मुलकी पाटीलकी गेली तेव्हा आजोबा पाटील होते. आता उरलंय आडनाव, दोन खण शाबूत असलेला वाडा आणि होळीची पहिली पोळी कुणाच्या घरची यावरून दर शिमग्याला होणारी धुसफूस.

देवघरात एक लाल बासन आहे. दसऱ्याला खाली काढतात, हळदकुंकू वाहतात, परत बांधतात. आत 'सनद' आहे असं सगळे सांगतात. मूळपुरुष शिवाजी महाराजांच्या फौजेत होता, त्याच्या पराक्रमावर खूश होऊन महाराजांनी पाटीलकी आणि जमीन दिली, ही घरातली गोष्ट. कागद मात्र कुणी वाचलेला नाही, मोडी कुणालाच येत नाही. यंदा थोरल्या काकांच्या हातापाया पडून तो उलगडला आणि फोटो काढले.

कागद वीतभर रुंद आणि माझ्या उंचीएवढा लांब आहे. तुकडे एकाखाली एक डकवलेत, आणि प्रत्येक जोडावर मागच्या बाजूने काहीतरी लिहिलंय. वरचा कोपरा कसरीने खाल्लाय. मधल्या दोन ओळी आपल्याच कुंकवाने गेल्यात. खालचा भाग फाटून गेलाय. एका बाजूला समासात नांगराचं छोटं चित्र आहे, त्याच्या खाली आणखी चित्रं, त्यातलं एक आरशासारखं दिसतं. एक मैत्रीण थोडं मोडी शिकलीय, तिने सुरुवातीचं एवढं लावलं: '...मुख नाम संवत्सरे', पुढच्या ओळीत 'सबा', मग भोक, मग 'मया व अलफ'. शिक्का पुसट आहे. त्यात शेवटी 'नारायण मुख्य प्रधान' असं असावं असं ती म्हणते.

दुसऱ्या टोकाने बघायचं तर जुने सातबारे आहेत, आणि सगळ्यात जुना फेरफार १९१३ चा. त्यावरून खापरपणजोबांच्या नावापर्यंत पोचले. त्यांच्या मागे अंधार. बासनातला कागद एका काठावर, फेरफार दुसऱ्या काठावर, मधला पूल कसा बांधायचा?

आणि एक. घरात लिहिलेली वंशावळ आहे ती सगळी पुरुषांची. एकाही बाईचं नाव नाही. त्या कुठे सापडतील?


टवाळ_पोरगा

पहिली पोळी कुणाची ते आधी सांगा, मग पुढे बोलू.

(धागा भारी आहे. खुर्ची टाकून बसलोय.)


जुना_तलाठी

ताई, नोकरीची सगळी वर्षं महसुलात गेली, म्हणून स्पष्ट सांगतो. नावाच्या मागे लागू नका, जमिनीच्या मागे लागा.

नाव धरून गेलात की चकवा लागतो. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकाच भावकीत एका वेळी तीन-तीन माणसं एकाच नावाची. त्यात आडनावाचा भरवसा नाही. पाटील हे पद, त्यामागचं मूळ आडनाव एका कागदात असतं आणि दुसऱ्यात नसतं. शेत मात्र जागचं हलत नाही. त्याचा नंबर बदलतो एवढंच.

आज तुमच्याकडे गट नंबर असेल. एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, ती योजना तुमच्या गावात जेव्हा लागू झाली तेव्हा सर्व्हे नंबर मोडून गट पडले. ते जुळवायला भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून 'नऊ तीन नऊ चार'चा उतारा मागा. खिडकीवर असंच बोला, कळतं त्यांना. त्यात जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा मिळेल. हिस्सा कसा पडला ते हिस्सा फॉर्म नंबर बारा आणि फाळणीवरून कळतं. त्याच्या मागे कडईपत्रक, शेतवार पत्रक, मूळ आकारबंद. फेरफार १९१३ च्या मागे शोधत बसू नका. हक्कनोंदीचा कायदाच मुळी १९०३ चा, आणि गावोगाव वह्या उघडायला पुढची काही वर्षं गेली. म्हणजे तुमचा फेरफार गावातला पहिल्या काहींपैकी असणार. त्याचा नंबर किती आहे?

पाटीलकी वतनाची जमीन वेगळी शोधा. गाव नमुना तीन, म्हणजे दुमाला (सारा माफ किंवा सवलतीच्या) जमिनींची नोंदवही, तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. इनाम-वतनांची चौकशी इंग्रजांनी १८५२ च्या ११ व्या कायद्याने रीतसर सुरू केली, इनाम कमिशन म्हणतात ते. त्या वेळी प्रत्येक वतनदाराला 'हे तुझ्याकडे कसं आलं' याचा पुरावा द्यावा लागला. लोकांनी घरातले कागद काढून दिले, जबाब दिले, वंशावळी दिल्या. शेतसारा सुटावा म्हणून दिलेली वंशावळ आहे ती, पण तुमचा पूल तिथेच आहे. खापरपणजोबांचे वडील किंवा आजे त्या जबाबात सापडावेत.

तयारी ठेवा, कक्षात गेल्यावर 'रेकॉर्ड जीर्ण आहे' हे ऐकावंच लागेल. कधी खरं असतं, कधी गठ्ठा काढायचा कंटाळा असतो. लेखी अर्ज द्या आणि उत्तर लेखी मागा. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार 'आपले अभिलेख'वर स्कॅन करून चढवलेत, ते आधी घरी बसून बघा.


माळरान

@जुना_तलाठी, फेरफाराचा नंबर ७ आहे!! आणि मी वेड्यासारखी १८८० चा फेरफार शोधत होते.


मोडीवेडा

फोटो बघितले. आधी तारीख.

'सबा' म्हणजे ७, 'मया' १००, 'अलफ' १०००. मधल्या भोकात दशकाचा आकडा गेलाय. हे सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो (वर्ष मृगाला बदलतं, म्हणून काही महिने ६००). आता संवत्सर. 'मुख' शेवटी असलेली दोनच, श्रीमुख आणि दुर्मुख. श्रीमुख येतं शके १६७५ ला, तेव्हा सुहूर सन ११५४, म्हणजे 'अर्बा खमसैन' (चोपन्न). तिथे सबा बसत नाही. दुर्मुख येतं शके १६३८ आणि १६९८ ला, सुहूर १११७ आणि ११७७. दोन्हींत सबा बसतं, कारण मधलं अंतर बरोबर साठ वर्षांचं. म्हणजे कागद एकतर १७१६-१७ चा, नाहीतर १७७६-७७ चा.

निकाल शिक्का लावतो. १७१६ ला पेशवे बाळाजी विश्वनाथ. 'माधवराव नारायण मुख्य प्रधान' म्हणजे सवाई माधवराव. तेव्हा भोकातला शब्द 'सबैन' (सत्तर) आणि साल १७७६-७७. पेशवे दोन-तीन वर्षांचं पोर, कारभार बारभाईंचा, म्हणजे मुत्सद्द्यांच्या मंडळाचा.

आता जरा कटू बातमी. ही सनद नाही. हे निवाडपत्र आहे, म्हणजे तंट्याचा निकाल. दुसऱ्या बंदावर (डकवलेल्या तुकड्यावर) 'अग्रवादी' आणि 'पश्चमवादी' असे शब्द स्वच्छ दिसतात, म्हणजे आजच्या भाषेत वादी-प्रतिवादी. खाली दोघांच्या तकरिरी आहेत. तकरीर म्हणजे ज्याने त्याने सांगितलेली आपली बाजू. समासातली चित्रं साक्षीदारांच्या निशाण्या. नांगर पाटलाचा किंवा कुणब्याचा, आरसा न्हाव्याचा, त्याखालचं चाक कुंभाराचं. लिहिता येत नसे तो आपलं हत्यार काढायचा. जोडांवर मागे लिहिलंय ते मधला बंद कुणी बदलू नये म्हणून.

चांगली बातमी अशी की वंशावळीसाठी सनदेपेक्षा तंटा शंभर पटींनी बरा. सनदेत एका माणसाचं नाव आणि बापाचं नाव, विषय संपला. तंट्यात दोन्ही बाजू 'आमचा मूळपुरुष अमुक, त्याचे लेक इतके, थोरल्याचा वंश बुडाला, मधला परागंदा झाला' असं पिढ्यान्‌पिढ्यांचं सांगतात. जी घराणी गुण्यागोविंदाने नांदली त्यांचा इतिहास सापडत नाही हो. भांडणारी सापडतात.

मधले दोन बंद तिरप्या उजेडात, खिडकीजवळ, झगझगीत दिवा न लावता परत काढून पाठवा. आणि यापुढे कुंकू लावू नका, कृपया.


गोदाकाठ

वाचतोय. आमच्याकडे मराठवाड्यात ही सगळी शिडी वेगळी आहे, कुणी शोधत इथे आलं तर म्हणून लिहितो. निजामाचा अंमल, त्यामुळे १९०३ चा मुंबईचा कायदा आम्हाला नाही. आमचा सगळ्यांचा आधार म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि त्याच्या आधीचं पाहणी पत्रक. मागचे कागद उर्दू-फारसी. इनामाची मुंतखब (निजामी मंजुरीचा दाखला) ज्याच्या घरी आहे तो नशीबवान. पाटीलकीतही मालीपाटील वेगळा, पोलीस पाटील वेगळा, आणि दोन घराण्यांत त्यावरून हाडवैर.

२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी न्या. शिंदे समितीने गावोगावच्या जुन्या नोंदी काढायला लावल्या, तेव्हा कधी उघडली नव्हती ती दफ्तरं उघडली. जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं, शाळेचे प्रवेश-निर्गम, सगळं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आलं. दाखला मिळो न मिळो, माझ्या आजीच्या जन्माची नोंद मला तिथे मिळाली. 'मुलगी' एवढंच लिहिलंय, नाव नाही. बाप, जात, गाव आणि मुलगी.


माळरान

@गोदाकाठ, नाव नाही... काय बोलावं.

@मोडीवेडा, नवे फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलेत. काकांना अजून 'निवाडपत्र' सांगितलेलं नाही.


शिवेवरचा

धागा चांगला चाललाय, तरी एक बोलतो, राग मानू नये.

'गावाचा मूळ मालक कोण' हे शोधताना पाटलाचं बासन सगळे उघडतात. गावाची शीव कुठे ते मात्र पाटलाला कुणी विचारत नव्हतं. शिवेच्या तंट्यात चालायचं ते महाराचं. दोन गावांचं भांडण लागलं की महाराने शीव चालून दाखवायची आणि ती पंचांनी मानायची. ताई, तुमच्या कागदात निशाण्या बघा, आमच्या माणसाची असेलच, बहुतेक सगळ्यात शेवटी. माझे पणजोबा आमच्या गावच्या वतनाच्या पाळीवर होते. वतन म्हणजे काय तर चोवीस तास राबणूक आणि बदल्यात हाडकी-हाडवळ्याचा (महारांच्या वतनी जमिनीचा) तुकडा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते याच्याचसाठी. वतन कागदोपत्री गेलं १९५८ च्या कायद्याने.

तरी शोधाच्या दृष्टीने सांगतो, ज्यांना वाटतं की आमच्या घरचा कागद नाही म्हणून इतिहास नाही, त्यांनी इनाम वर्ग सहा-ब ची, म्हणजे महार वगैरे गावकामगारांच्या वतनी जमिनींची, नोंद बघावी. वतनी जमीन सामाईक, त्यामुळे तक्षिमदारांची (वाटेकऱ्यांची) यादी असते आणि त्यात घरटी नावं असतात. मला चार पिढ्या अशा मिळाल्या. पाटलाच्या कागदात आम्ही साक्षीला असतो, आमच्या कागदात पाटील तक्रारीला. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर गाव दिसतं.


जुना_तलाठी

@शिवेवरचा, शंभर टक्के. तक्षिमदारांच्या याद्यांवर माझंही काम झालंय, पाटलांच्या याद्यांपेक्षा त्या नेटक्या असतात.


खाडीपलीकडे

कोकणातून हजेरी. आमच्याकडे पाटील दुय्यम, मुख्य खोत. आणि खोताला 'जमीनमालक' म्हटलंत तर निम्मं कोकण भांडायला उठेल. तो सारा गोळा करून सरकारात भरणारा, हळूहळू मालक होऊन बसलेला. १८८० चा खोती कायदा, अलिबागजवळच्या चरीचा शेतकऱ्यांचा संप, मग १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा, या सगळ्यातून जो कागद निर्माण झाला तो कोर्टात आहे. आमच्या घरी वंशावळ नव्हती. ती मिळाली दिवाणी दाव्याच्या फायलीत, आणि ती लिहून दिली होती आमच्याविरुद्ध दावा लावणाऱ्या चुलत घराण्याने. मोडीवेडा म्हणतात ते असं पटलं.

बायकांबद्दल: कूळकायद्याची फाईल बघा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कूळ मालक झालं. पण जमीनमालक विधवा किंवा अज्ञान असेल तर ती तारीख पुढे जायची. त्यामुळे ज्या घरांत विधवा होती तिथे एकाएकी बाईचं नाव, तिचा जबाब, नवरा कधी वारला, दीर कोण, हे सगळं ३२-ग च्या (कुळाला जमीन विकत द्यायच्या कलमाच्या) प्रकरणात येतं. आमच्या पणजीचा अंगठा मी तिथे पहिल्यांदा बघितला.


टवाळ_पोरगा

@खाडीपलीकडे, म्हणजे वंशावळ हवी असेल तर चुलत्यावर दावा लावायचा?


खाडीपलीकडे

@टवाळ_पोरगा, दोन पिढ्या थांबायची तयारी असेल तर जरूर.


मांडवीकाठ

गोंयकाराची हजेरी घ्या. आमच्याकडे एक मूळपुरुष शोधून भागत नाही, कारण जमीन गावकरीची, म्हणजे मूळ गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेची. गावचे ठरावीक वांगड (मूळ कुळं), त्या वांगडातला पुरुष म्हणून झणाचा, म्हणजे उत्पन्नातला, वाटा. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशियाचा १५२६ चा फोराल (सनद) आहे, त्यात गावकरांचे हक्क लिहून ठेवलेत, आणि पुढचं बरंचसं पोर्तुगिजांनी पणजीच्या पुराभिलेखात जपलंय. अडचण भाषेची, आणि धर्मांतरानंतर एकाच वांगडाच्या दोन शाखांची नावं अशी बदलतात की ओळखू येत नाहीत. वांगडाचा क्रमांक धरून मागे जायचं. जुना तलाठी म्हणतात तेच, नाव सोडा.


बेळगावी_कुंदा

कुणी हेळव्यांचं नाव काढलं नाही अजून? आमच्या सीमाभागात, कोल्हापूर-सांगलीकडेही, सुगीनंतर हेळवी येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवर. दारात बसून घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणतो: मूळ गाव कुठलं, कुठल्या दुष्काळात निघालात, देव कुठला, कोण कुणाकडे दत्तक गेला. बिदागी म्हणून धान्य, कपडा. आमच्या हेळव्याकडे आता जाड वही आहे, त्यात यंदा माझ्या मुलीचं नाव लिहून घेतलं. मुलीचं लिहितोस का विचारलं, तर म्हणाला, आता सगळ्यांचीच लिहितो, पोरं विचारतात.

हेळवी मनाचंही घालतो हे मात्र लक्षात ठेवा. बिदागी भक्कम असेल तर मूळपुरुष घोड्यावर बसतो.


मोडीवेडा

@बेळगावी_कुंदा :-) क्षेत्रोपाध्यांच्या नामावळ्याही त्याच रांगेत, पण त्यांना मी जास्त मार्क देतो. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया. तुमचा पणजोबा तिथे गेला असेल तर त्याने स्वतः बसून वडील, आजे, भाऊ, मुलं सांगितलेली असतात आणि खाली सही किंवा निशाणी असते. तिथे खोटं सांगून त्याला काही मिळणार नव्हतं, पिंडदान बापाच्याच नावाने करायचं. गावाच्या नावावरून चोपडी निघते. अनेक नामावळ्यांत आई आणि बायकोचीही नावं असतात, कारण श्राद्धाला मातृवर्ग लागतो. @माळरान, तुमच्या बायका तिथे बघा.

आता तुमच्या कागदाचं. मधले दोन बंद वाचून झाले. गोषवारा देतो, पूर्ण लिप्यंतर व्यनित.

अग्रवादी म्हणतो: आम्ही मूळचे थळकरी (गावच्या मूळ जमिनीचे धनी), गावची पाटीलकी आमची. दुष्काळात गाव ओस पडलं, आमचा वडील घाटाखाली गेला. परत आला तेव्हा पश्चमवादीचा पूर्वज कौल (ओस गाव वसवायचा सरकारी करार) घेऊन गाव वसवून बसला होता. त्याने आम्हाला शेत दिलं, पण मान दिला नाही.

पश्चमवादी म्हणतो: गाव उजाड असताना आमच्या मूळपुरुषाने दिवाणातून कौल घेतला, कुळं आणली. मूळ पाटील परत आला तेव्हा त्याने आपखुशीने निम्मी पाटीलकी रोख रक्कम आणि एक घोडी घेऊन विकली, आणि आम्हाला भाऊ करून घेतलं. तेव्हापासून वडीलपण त्याचं, पण नांगर आमचा.

पश्चमवादी सहा पिढ्या सांगतो. पाचव्या पिढीतलं नाव आणि तुमच्या घरच्या लिखित वंशावळीतलं सगळ्यात वरचं नाव एकच आहे. बापाचं नावही जुळतं. म्हणजे तुमचं घराणं पश्चमवादीचं, आणि तुमची वंशावळ आणखी मागे गेली. १७७६ पासून पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरून मागे चला, १६३० च्या दुष्काळाच्या आसपास पोचता. त्या मुलखात तेव्हा काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दुष्काळ, वर आदिलशाही फौजांनी पुण्याची केलेली राखरांगोळी, आणि मग कौल देऊन पुन्हा वसवलेली गावं. नेमकं साल सांगणार नाही, पण गोष्ट त्या काळाच्या चौकटीत चपखल बसते.

निकालाचे बंद फाटलेत. तरीही कोण जिंकलं ते सांगता येतं. निवाडपत्र जिंकणाऱ्याला मिळायचं, हरणारा येजितपत्र (हार कबूल केल्याचा कागद) लिहून द्यायचा. कागद तुमच्या देवघरात आहे.


माळरान

दोनदा वाचलं. मग काकांना फोन केला.

'विकत घेतली' हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घोडी कुणाची होती?" मला वाटलं चेष्टा करतायत, पण नाही. त्यांच्या लहानपणी पोळ्याला बैलांच्या मागून एक घोडी मिरवायची पद्धत होती, पुढच्या आळीतल्या पाटलांच्या घरापर्यंत नेऊन तिथे टिळा लावून आणायचे. का ते कुणाला ठाऊक नव्हतं. पुढची आळी म्हणजे ज्यांच्याशी आमचं होळीच्या पोळीवरून वाजतं तेच घराणं. आडनाव पाटीलच, पण सोयरसुतक नाही, म्हणून आम्ही त्यांना वेगळे समजत आलो.

महाराजांच्या फौजेचं काय, असंही काकांनी विचारलं. मी म्हटलं, यात तरी नाही. त्यांना ते आवडलेलं नाही. ते म्हणतात, दुसरा कागद असेल.


जुना_तलाठी

असूही शकेल, काकांना नाउमेद करू नका. पण मला विचाराल तर ओस गावात कुळं आणून नांगर धरणं हे काही कमी नाही. तलवारीचे मूळपुरुष गावोगाव आहेत.

आता पुढच्या आळीचं घराणं अग्रवादी निघतंय का बघा, आणि ते जमिनीवरून कळेल. थळ हा शब्द कागदात आलाय. जुन्या थळझाड्यात गावची मिरास (वंशपरंपरेची) जमीन मूळ घराण्यांच्या थळांनी लिहिलेली असते, घराणं बुडालं तरी थळाला त्याचंच नाव राहतं, आणि कसणारा नसेल तर 'गतकुळ' अशी नोंद. थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाची १८१९ च्या सुमारास पाहणी केली, त्यानेही अशीच थळं नोंदवलीत. तुमच्या शिवारातल्या शेतांची बोलीतली नावं गोळा करा. सातबाऱ्यावर बहुतेकदा नसतात, म्हाताऱ्यांच्या तोंडात असतात. एखाद्या शेताला पुढच्या आळीच्या जुन्या आडनावाचं नाव असेल आणि ते आज तुमच्या खात्यावर असेल, तर घोडीचा हिशोब लागला.


मोडीवेडा

आणि पुणे पुरालेखागार. कौन्सिल हॉलजवळची दगडी इमारत, पेशवे दफ्तर तिथेच. ओळखपत्र न्या, अर्ज करा. तालुक्याच्या नावाने शोधू नका, पेशवाईत तुमचा पुरंदर तालुका नव्हता. 'प्रांत पुणे, तर्फ कऱ्हेपठार' असं मागा, त्याखाली मौजे. निवाड्याची नक्कल सरकारात ठेवलेली असू शकते, आणि तसं असेल तर तुमचे फाटलेले बंद तिथे पुरे मिळतील. हरकी, म्हणजे जिंकणाऱ्याने सरकारला भरलेली रक्कम, तिची नोंदही त्या सालच्या हिशोबात असू शकते.

सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड चाळण्यात वेळ घालवू नका. ते मुख्यतः राजकारणाच्या निवडक कागदांचे, एका मौज्याच्या पाटलाला त्यात क्वचितच जागा. तुमचं काम न छापलेल्या रुमालांत (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत) आहे, आणि रुमाल हजारोंनी आहेत. संयम ठेवा. मोडीचा प्राथमिक वर्ग पुराभिलेख विभाग अधूनमधून घेतो, तो तुम्हीच करून टाका. दुसऱ्याच्या डोळ्यांनी किती दिवस वाचणार?


शिवेवरचा

@मोडीवेडा, निशाण्यांत शेवटी काय आहे ते राहिलं.


मोडीवेडा

@शिवेवरचा, मुद्दाम नव्हतं सांगितलं, खात्री करत होतो. शेवटून दुसरी निशाणी काठीची आहे, पुढे दोन नावं, दोघांच्याही पुढे 'महार मौजे मजकूर'. आणि तकरिरींनंतर एक ओळ आहे, तिचा अर्थ असा की थळाची हद्द या दोघांनी चालून दाखवली. तुमचा अंदाज बरोबर.


शिवेवरचा

नावं व्यनि कराल? त्या बाजूला आमचे सोयरे आहेत.


मोडीवेडा

@माळरान यांची हरकत नसेल तर.


माळरान

हरकत कसली, आत्ताच पाठवा. ती नावं तुमचीच आहेत.

पुढच्या आळीतल्या काकूंशी बोलले. त्यांच्या घरीही बासन आहे म्हणे, पण त्यांचं हिरवं. दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही असं त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं. तोवर मी शेतांची नावं लिहून घेतेय, आतापर्यंत 'घोडीचा माळ' असं काही निघालेलं नाही, पण 'जुन्याचं थळ' नावाचा एक तुकडा आहे आणि तो आमच्या सातबाऱ्यावर आहे. @जुना_तलाठी, याचा नऊ तीन नऊ चार कधी मिळतो, किती दिवस लागतात?


जुना_तलाठी

सोमवारी सकाळी जा, दुपारनंतर साहेब दौऱ्यावर असतात. अर्जाला कोर्ट फी तिकीट लावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.